झऱ्याला मालक लागला

फार पूर्वीची, म्हणजे तुमच्या-आमच्या खापरपणजोबांच्याही आधीची गोष्ट. एका डोंगराभोवती तीन खोरी होती आणि तिन्ही खोऱ्यांची बोली निराळी. एकाचं बोलणं दुसऱ्याला ओ की ठो कळायचं नाही.

तरी कुणाचं काही अडत नसे. खिंडीत एक झरा होता. कुणीही यावं, बोटानं झरा दाखवावा, पोटभर पाणी प्यावं आणि निघताना ओंजळभर पालागाळ उपसून बाजूला टाकावा. मागून येणाऱ्याला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून. एवढीच रीत.

राजाला मात्र वाटलं, सगळ्या प्रजेची एक भाषा हवी. त्यानं एका पंडिताला नवीकोरी भाषा घडवायला बसवलं. पंडित हुशार, पण भारी काटेकोर! झाड, पाणी, भाकरी, सगळ्याला त्यानं सुरेख शब्द दिले. मग गाडी 'हा'पाशी आली. नुसतं 'हा' त्याला पटेना.

"हा म्हणजे कुणाचा, ते नको का कळायला?" तो म्हणाला आणि त्यानं तीन शब्द केले. 'इमो' म्हणजे हा माझा, 'इतो' म्हणजे हा तुझा, 'इलो' म्हणजे हा त्याचा. चौथा नाहीच. राजानं खूश होऊन भर दरबारात त्याला शाल पांघरवली. ती शाल पंडित भर उन्हाळ्यातही काढेना.

"अहो, घामाघूम झालात की! ठेवा ना ती घडी करून," बायको म्हणायची.

"मानाची आहे गं," पंडित म्हणायचा.

तिन्ही खोऱ्यांनी नवी भाषा हौसेनं शिकून घेतली. ती लोकांच्या तोंडून ऐकावी म्हणून एके दिवशी पंडित बायकोला घेऊन खिंड चढू लागला. ऊन नुसतं मी म्हणत होतं. बायकोच्या घशाला कोरड पडली. "आलाच बघ झरा," असं म्हणत पंडितानं तिला कसंबसं वर आणलं. तिथं ती मटकन खाली बसली.

आणि झरा? पाल्यानं पार बुजलेला, वर हिरवट चिखल. शेजारी तीन खोऱ्यांची तीन माणसं एकमेकांकडे पाठ करून बसलेली. एक मीठवाला, एक गुराखी आणि एक म्हातारी.

"अरे, कुणी उपसत का नाही?" पंडितानं विचारलं.

"मी 'इमो' म्हणालो, तर ही दोघं अंगावर धावून आली," मीठवाला म्हणाला.

"मग मी म्हटलं, 'इतो'! तुझा तर तुझा. मग गाळही तूच काढ," म्हातारी फणकारली.

"आणि माझा नाही, तर मी कशाला हात घाण करू?" गुराखी म्हणाला.

"पण आधी तर तुम्ही भांडत नव्हता!"

"आधी कुणाचा ते सांगावं लागत नव्हतं, बाबा," म्हातारी म्हणाली.

पंडिताचा चेहरा उतरला. 'चला, हा झरा उपसू' एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण कोणता 'हा'? माझा म्हणावं तर भांडण, तुझा म्हणावं तर भांडण, त्याचा म्हणावं तर कुणी जागचं हलणार नाही. स्वतःच घडवलेल्या भाषेत त्याला मदत मागता येईना. भाषेत चूक आहे असं कबूल करावं, तर शालीचा मान गेला. त्यानं मागं पाहिलं. बायको डोळे मिटून बसली होती, ओठ सुकले होते.

त्यानं अंगावरची शाल काढून जमिनीवर पसरली. पूर्वीचे लोक दाखवायचे तसा बोटानं झरा दाखवला आणि म्हणाला, "इ." नुसतं 'इ'. ना माझा, ना तुझा, ना त्याचा. मग गुडघ्यांवर बसून तो ओंजळीनं गाळ शालीवर टाकू लागला.

मग म्हातारी "इ," असं पुटपुटली आणि पदर खोचून पुढं आली. मीठवाला आला, गुराखीही आला. शाल भरली की ओढत न्यायची, रिकामी करायची, पुन्हा आणायची. पाणी आधी गढूळ आलं, मग निवळलं. पहिली ओंजळ पंडितानं बायकोच्या ओठांना लावली.

पाणी पिऊन तिनं डोळे उघडले. चिखलानं माखलेली शाल तिला दिसली.

"अगबाई! मानाची ना ती?" ती म्हणाली.

"आत्ता झाली," पंडित म्हणाला.

तीच शाल घेऊन तो राजाकडे गेला. राजानं विचारलं, "पंडितजी, ही काय दशा?"

"महाराज, एक शब्द राहून गेला होता," पंडित म्हणाला. "तो गाळात सापडला."

तात्पर्य: जे सगळ्यांचं आहे, त्याला मालक शोधत बसू नये. आपल्या वाटची ओंजळ उपसावी.