कारवीच्या कुडाची कहाणी

बायांनो, हातांत अक्षता घ्या, पोरं मांडीवर घ्या, आणि ऐका डोंगरआई तुझी कहाणी.

आटपाट नगर होतं. नगरामागं डोंगर होता, डोंगरभर कारवीचं रान होतं. पायथ्याशी ठकू नि तिचा नवरा भिवा राहत असत. घराला कारवीच्या काठ्यांचा कूड, वर शेणामातीचं लिंपण. सगळं होतं, पण ठकूची कूस उजवेना. मग ती डोंगरावर गेली, पदर पसरला. डोंगरआई म्हातारीच्या रूपानं आली. म्हणाली, "कारवीचा वसा घे."

"तो कसा घ्यावा?"

"कारवी सात वर्षांनी फुलते. पुंगळीसारखी निळीजांभळी फुलं येतात, बी धरतं, मग झाड मरतं. फुलल्या साली तिला कोयता लावूं नये. बोंडं वाळावीं, तडकावीं, बी भुईत पडावं. मग वाळल्या काठ्या आणाव्या, कूड बांधावा."

"नि तोंवर?"

"तोंवर वाट पाहावी."

ठकूनं वसा घेतला. तिला दिवस गेले, पोर झालं, आणि त्याच साली कारवी फुलली. घ्यायला वसा सोपा असतो हो, पाळताना कळतं.

त्या साली पावसानं डोंगराकडचा कूड खाल्ला. माणूस वाकून आत येईल एवढं भगदाड पडलं. थंडी आली तशी गावानं कोयते घासले. शेजारीण सगुणा हिनं आपल्या बाजूची कारवी बोंडांसकट कापली, नवा कूड उभा केला, वर ठकूला म्हणाली, "फुलाला जपतेस, लेकराला नाही." ठकूनं भगदाडात पळसाच्या फांद्या कोंबल्या, वर फाटकं घोंगडं बांधलं. शेजारचं कुत्रं ते ओढून खुशाल आत यायचं. आता कुत्रं येतं तिथं दुसरं काय येणार नाही?

मग बिबट्याचा बोभाटा झाला. भिवा म्हणाला, "कारवी कापूं." ठकू म्हणाली, "अजून बोंडं हिरवीं आहेत." मग तेच कुत्रं गेलं. भिवा म्हणाला, "कारवी कापूं." ठकू म्हणाली, "अजून बोंडं मिटलीं आहेत." मग भर दुपारी सगुणाचं वासरू दावणीवरून गेलं. तिच्या बाजूचा डोंगर बोडका, ना काडी वाजली, ना पान हललं. भिवानं कोयता काढला.

ठकू म्हणाली, "वसा माझा आहे."

भिवा म्हणाला, "पोर माझंही आहे. उद्यां कापणार."

ठकू कामाला लागली. पोर झोळीत ठेवावं तर जीव थाऱ्यावर राहीना, कडेवर घ्यावं तर काम होईना. भाकरी थापतांना हात थांबे, मान भगदाडाकडं वळे. आई, एवढं एकच दिलंस, तेही असं उघड्यावर.

तिन्हीसांज झाली. भिवा गुरं आणायला गेला. ठकू चुलीपाशी होती, पोर झोळीत होतं. तोंच डोंगरावर तडतड झाली. ठकू म्हणाली, वारा असेल. दारचं पान हलत नव्हतं. मग मधल्या उतारावर तडतड झाली. ठकू म्हणाली, गुरं असतील. घुंगूर वाजत नव्हता. मग पायथ्याच्या कारवींत तडतड झाली, वाळल्या काठ्या मोडत कुणी तरी खालीं येत होतं.

मग ठकूनं काय केलं? पोर छातीशीं बांधलं, चुलींतलं पेटतं लाकूड ओढलं, आणि स्वतः भगदाडात उभी राहिली. कूड नाही तर मी कूड. बिबट्या कारवींतून बाहेर आला. त्यानं जाळ पाहिला, बाई पाहिली. थोडा वेळ बसला, शेपटी आपटली, मग आल्या वाटेनं तडतड करीत वर निघून गेला.

भिवा धावत आला तों ठकू तशीच उभी. लाकूड हातांतून सुटेना, त्यानं बोटं एकेक करून सोडवलीं. तिनं सारं सांगितलं. तो डोंगराकडं बघत राहिला. सगुणाच्या बाजूनं आला असता तर कळलं नसतं, हें त्याला कुणी सांगावं लागलं नाही. कोयता त्यानं आढ्याला खोचला.

वैशाखात बोंडं तडकलीं, बी भुईत पडलं. मग दोघांनी वाळल्या काठ्या आणल्या, कूड बांधला. लिंपतां लिंपतां भिवानं विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

ठकू म्हणाली, "रोज वाटली. आई म्हणाली वाट पाहा. भिऊं नको असं काही ती म्हणाली नव्हती."

तिला जशी संकटाची चाहूल आधी लागली, तशी तुम्हांआम्हां लागो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरीं फुलली, फळली, भुईत रुजली.