आवा निवेपर्यंत

एक होतं कुंभारांचं गाव. राजाही होता, पण तो लांब, डोंगरापलीकडे. गोष्ट राजाची नाही. गोष्ट पिराजी कुंभाराची. पाय पांघरुणात घ्या आणि मध्ये बोलू नका.

पिराजीची बायको साळू, आणि त्यांची लेक गोजरा. अजून एक दुधाचा दातही पडला नव्हता तिचा. काय घर होतं ते! साळू माती चाळायची, पिराजी चाक फिरवायचा, आणि गोजरा ओल्या गाडग्यांच्या रांगांतून मांजरासारखी हिंडायची. दुपारी तिघं एका ताटात भाकरी कुस्करायची. तेव्हा त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ते नंतर वाटलं.

मग त्या दोघांचं बिनसलं. का, ते विचारू नका. मोठ्या माणसांचं बिनसतं. त्यात पोराचा दोष नसतो, एवढं ध्यानात ठेवा. साळू नदीपलीकडे माहेरी गेली. आता गोजरा कुणाकडे राहणार? साळू म्हणाली माझ्याकडे, पिराजी म्हणाला माझ्याकडे. भांडण राजापुढे गेलं. राजा म्हणाला, विचार करून सांगतो. तोवर चांदण्या पंधरवड्यात पोर आईकडे, अंधाऱ्या पंधरवड्यात बापाकडे.

राजाचा विचार काही संपेना. पुनवेला साळू गोजराला नदीच्या उतारावर आणायची, अवसेला पिराजी आणायचा. दोघं एकमेकांशी बोलत नसत. गोजराचं गाठोडं तेवढं या हातातून त्या हातात जायचं.

माणसाला वाईट बातमी सोसते, बरं का, पण न आलेली बातमी सोसत नाही. गोजरा घरात असली तरी पिराजी उंबऱ्यावर बसून वाटेकडे बघायचा. राजाचा स्वार येतो का? लेक आपली होते का? चाकावर धूळ बसली. गोजरा म्हणायची, बा, मला मातीचा बैल करून दे. तो म्हणायचा, निकाल लागू दे, मग करतो.

एकदा काय झालं, कौलांवर कावळा येऊन बसला. कावळा ओरडला की पाहुणा येतो, म्हणून पिराजीने त्याला विचारलं, स्वार कधी येणार आणि गोजरा कुणाकडे राहणार? कावळा माणसासारखा बोलला. म्हणाला, सांगतो, पण फुकट नाही. गोजरा पहिल्यांदा चालली ती आठवण मला दे. पिराजीने दिली. कावळा म्हणाला, स्वार यायचा तेव्हा येईल. आणि आठवण चोचीत धरून उडून गेला.

मग पिराजी नदीवर गेला. डोहात साती आसरा, पाण्यातल्या सात बहिणी, राहतात. त्यांतली धाकटी वर आली, हिरवं लुगडं, ओले केस. तिने गोजराचा पहिला शब्द मागितला. पिराजीने तोही दिला. आसरा म्हणाली, पोर ज्याची आहे त्याची होईल. आणि तिने बुडी मारली. पिराजी अर्थ लावत बसला. अर्थ नव्हताच.

मग घरातले दाणे संपले. नाइलाजाने पिराजीने आवा लावला. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. मडकी रचायची, गोवऱ्या आणि भुसकट घालायचं, वरून राखमातीने लिंपायचं. त्यात गोजराने एक बैल ठेवला. तिचा तिनेच केलेला, वेडावाकडा, एका शिंगाचा. आतला जाळ बसला, आणि धुरातून आवाज आला, "तुझा निकाल माझ्या पोटात आहे. आत्ता उघड."

आता कुंभाराचं शेंबडं पोरही सांगेल, गरम आवा उघडायचा नसतो. वारा लागला की मडकी तडकतात. पिराजीच्या बापाने त्याला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं. तरी पिराजीने फावडं उचललं आणि आवा फोडला.

ताड, ताड, ताड. एक मडकं धड उरलं नाही. निकाल कुठेच नव्हता. बैलाचे तुकडे झाले.

गोजरा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तुकडे निवल्यावर तिने ते वेचून ओट्यावर ठेवले आणि विचारलं, "बा, आवा निवेपर्यंत कुंभारानं काय करायचं असतं?"

पिराजीला आपला बाप आठवला. तो म्हणाला, "पुढची माती तुडवायची असते."

"मग तू उंबऱ्यावर का बसतोस?"

पिराजी उठला, मातीत पाणी आणि राख घातली आणि तुडवायला लागला. गोजरा त्याचं बोट धरून चिखलात उतरली. मग म्हणाली, मी पहिल्यांदा चालले ती गोष्ट सांग. पिराजीने तोंड उघडलं. सांगायला काही नव्हतंच.

अवस आली. उतारावर साळू उभी होती. पिराजी गाठोडं देऊन वळला नाही. मान खाली घालून म्हणाला, "गोजरा पहिल्यांदा कशी चालली, तेवढं सांग. आणि पहिला शब्द कोणता, तेही. माझ्याकडून गेलं ते."

"राजाकडे भांडायला निघालात, आणि एवढं सांभाळता आलं नाही?" साळू म्हणाली. पण दगडावर बसली. "ओल्या झाकणीत पाय देऊन चालली. तुम्ही ती मोडू दिली नाहीत, पावलासकट भाजलीत. अजून माझ्या दुधाच्या मडक्यावर असते. आणि पहिला शब्द म्हणाली 'फिर'. चाकाकडे बोट करून."

पिराजी हसला. मग त्याने कावळ्याचं सांगितलं. साळू म्हणाली, "मेला माझ्याकडेही आला होता. मी म्हणायची तो पाळणा घेऊन गेला."

तो पाळणा पिराजीला येत होता. गळा फाटक्या ढोलासारखा, पण नदीकाठी उभं राहून त्याने सगळा म्हटला. गोजरा दोघांच्या मध्ये बसून ऐकत होती.

ते दोघं पुन्हा एका चुलीवर आले नाहीत. काही गोष्टींत येतात, या गोष्टीत नाही. पण दर पुनवेला आणि दर अवसेला ते त्या दगडावर घडीभर बसू लागले. राजाचा विचार चालूच होता. पिराजीला धाकधूक व्हायची, नाही असं नाही. झाली की तो माती तुडवायचा.

एके दिवशी स्वार आला. दारात घोडा थांबला. पिराजी आणि गोजरा चाकापाशी बसले होते, नव्या बैलाची मान ओढत. पिराजीने वर बघितलं. म्हणाला, "जरा थांबा. आमचे हात मातीत आहेत."

स्वार उंबऱ्यावर बसला. बैलाला दोन्ही शिंगं येईपर्यंत बसून राहिला. मग म्हणाला, "राजानं मला दोन्ही घरं बघून यायला सांगितलं होतं. पलीकडे बाई पाळणा म्हणत होती, मुलगी नसतानाही. इथं हे. झालं बघून."

राजाचा निकाल आला. चांदणं आईचं, अंधार बापाचा, आहे तसंच राहू द्या. पोर मोठी झाली की तिचं ती ठरवेल. तशी गोजरा दोन्ही घरांत मोठी झाली, आणि तिघंही सुखात राहिली.

तो बैल आव्यात गेला. या वेळी कुणी घाई केली नाही. चांगला भाजला.

चला, डोळे मिटा. उद्या काय होईल ते आत्ता विचारायचं नाही. आवा निवू द्या.