ताणलेली केबल

नदीकाठच्या एका शहरात एक पूरसूचना केंद्र होते. तिथल्या खोलीत सर्व्हरची दोन उंच कपाटे होती. वर डोंगरात किती पाऊस पडला ते पाहून ही सगळी यंत्रे मिळून नदी किती चढेल याचा हिशेब करीत. तो आकडा आला की काठच्या कुंभारआळीतली माणसे हलवायची, असे ठरले होते.

यंत्रे जोडण्याचे काम भालचंद्र नावाच्या इंजिनिअरकडे होते. दोन्ही कपाटांना जोडणारी, अतिशय वेगाने माहिती नेणारी केबल फार लांब चालत नाही आणि ताणही सोसत नाही. म्हणून त्याने मोजमाप करून कपाटे शेजारीशेजारी ठेवली आणि केबलला थोडी ढील दिली.

उद्घाटनाच्या सकाळी संचालक रणदिवेसाहेब आले.

"पूजेचा चौरंग कुठे मांडायचा? कपाटं दोन्ही भिंतींना सरकवा. फोटोत सत्यनारायणही दिसला पाहिजे आणि यंत्रंही."

"साहेब, पण केबल..."

"अरे, ओढली की पुरते!"

वायरमन सखाहरी केबल ओढता ओढता हळूच म्हणाला, "भाऊ, तंबोरा लावताय का? आता फक्त गवई बोलवायचा राहिला."

दुसरी केबल मागवायची तर मुहूर्त टळणार होता. भालचंद्र म्हणाला, "होईल, साहेब."

केबल पुरली. हिरवे दिवे लागले. प्रसाद वाटला गेला आणि कपाटे तिथेच बोल्टने पक्की झाली.

त्या दिवसापासून भालचंद्रची झोप उडाली. कामावर आला की आधी तो दिव्यांकडे पाही. आता सांगावे, तर साहेब विचारतील, "तेव्हा का बोलला नाहीस?" जितके दिवस जात, तितके सांगणे अवघड होई.

श्रावणात एके दिवशी सकाळपासून डोंगरावर धो धो पाऊस लागला. सगळ्या यंत्रांवर एकदम भार आला. हिरवे दिवे फडफडले, पिवळे झाले. दुपार झाली तरी आकडा येईना. खिडकीतून नदीचे तांबडे पाणी दिसत होते.

साहेब भालचंद्रच्या कानाशी कुजबुजले, "पावसाने बिघाड झाला म्हणू. आकड्याशिवाय आळी उठवली आणि पाणी चढलंच नाही, तर लोक तोंडावर हसतील."

दारात सखाहरी उभा होता. त्याचे घर कुंभारआळीत होते. आज तो थट्टा करीत नव्हता.

भालचंद्र मोठ्याने म्हणाला, "साहेब, पावसाचा दोष नाही. केबल ताणलेली आहे, इतका भार तिला झेपत नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आकडा येणार नाही. आळी आत्ता उठवा."

मग साहेबांच्या हुकमाची वाट न पाहता भालचंद्रनेच आळीला सावध करणाऱ्या भोंग्याचे बटण दाबले.

आळीतली माणसे टेकडीवरच्या शाळेत पोचली, आणि मागोमाग पाणी घरांत शिरले. शाळेच्या ओसरीवर सखाहरीची बायको पदराने पोराचे डोके पुसत होती. भालचंद्रला पाहून ती म्हणाली, "भाऊ, वेळेत कळवलंत. देवासारखे धावलात."

भालचंद्रने मान खाली घातली. सखाहरी नदीकडे पाहत एवढेच म्हणाला, "सकाळीच आकडा आला असता, तर बाबांचं मडकी घडवायचं चाकही वाचलं असतं."

तात्पर्य: ज्याला मर्यादा ठाऊक आहे, त्याने ती पहिल्याच दिवशी सांगावी. भीतीने गिळलेला शब्द पुढे बोलावाच लागतो. पण तोवर नुकसान दुसऱ्याच्या घरात शिरलेले असते.