नळाची मूठ

एका शहरात एक तळं होतं. म्हणायचं शहराचं तळं, पण खरं पाहिलं तर ते शहरच त्या तळ्याचं होतं. वर डोंगराच्या उतारावर तळं आणि खाली घरं, दुकानं, रंगाऱ्यांच्या भट्ट्या, हलवायांच्या कढया. तळं आटलं असतं तर तिथे कुणी मुक्काम केला नसता.

त्या तळ्याची एक जुनी रीत होती. पायऱ्या उतरायच्या, घागर भरायची आणि वर येताना कट्ट्यावरच्या रांजणात मूठभर जोंधळा टाकायचा. घागरीमागे एक मूठ, आणि मूठ ज्याची त्याची. म्हातारीने म्हातारीची टाकावी, पैलवानाने पैलवानाची. रांजण भरला की जोंधळा कोठीत जायचा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की गाळ काढणारी माणसं लांबून यायची, तळं उपसून साफ करायची, आणि कोठीतला जोंधळा त्यांची मजुरी म्हणून घेऊन जायची. पहिल्या पावसानंतर तळं पुन्हा काठोकाठ.

या शहरात सगुणाबाई नावाची रंगारीण होती. लहानपणी ती आईचा पदर धरून त्या पायऱ्या उतरली होती. मूठ कशी धरायची हे तिला आईने शिकवलं होतं. फार आवळायची नाही, दोनचार दाणे सांडू द्यायचे, ते चिमण्यांचे. लग्न झालं तेव्हा नवऱ्याकडे एक भट्टी आणि एक कावड एवढंच होतं. दोघं पाळीपाळीने कावड वाहायची. रंगाला पाणी फार लागतं. खेपा फार, म्हणून मुठीही फार. नवरा म्हणायचा, "आपण जोंधळा पिकवतो की लुगडी रंगवतो, तेच कळेना." पण मूठ कधी चुकली नाही. रांगेत पुढे हलवाई, मागे कासारीण, मध्ये सोनाराची सून. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची मुलगी नांदत नाही, कुणाकडे पाहुणे आलेत, सगळं त्या पायऱ्यांवर कळायचं. ओल्या दगडाचा वास यायचा. रांजणात दाणे पडल्याचा आवाज सकाळभर चालू असायचा. सगुणाबाईला तो आवाज म्हातारपणीही झोपेत ऐकू यायचा.

मग शहरात नळ आले.

एका कुंभाराने खापराचे नळ घडवले आणि तळ्याच्या बांधातून उताराने थेट एका वाण्याच्या परसात पाणी नेलं. सगळं शहर बघायला लोटलं. मग हलवायाने नळ घेतला, सोनाराने घेतला, सावकाराने तर दोन घेतले. सगुणाबाईच्या तेव्हा एकीच्या सात भट्ट्या झाल्या होत्या. तिनेही घेतला, आणि सगळ्यात मोठ्या तोंडाचा घेतला.

मुठीचं काय, हे कुणी विचारलं नाही. चोरी कुणाच्या मनात नव्हती. मूठ पायरीवर द्यायची असं लोकांच्या अंगवळणी पडलेलं. नळवाल्यांना पायरी लागत नव्हती. जिथे पायरी नाही तिथे मूठ आठवणार कशी? रांजण आपल्या जागी बसून राहिला आणि पाणी त्याला वळसा घालून गेलं.

वर्षं गेली. सगुणाबाईचा नवरा गेला. ती शहराच्या पंचांमध्ये मुख्य झाली, गादीवर बसू लागली. पाडव्याला मात्र नऊवारी नेसून, डोक्यावर घागर घेऊन ती हौसेने पायऱ्या उतरायची आणि रांजणात एक मूठ टाकायची. लोक म्हणायचे, "बाईंनी जुनं सोडलं नाही हो." ते ऐकून तिला बरं वाटायचं. कुणाला वाटणार नाही?

इकडे रांजण भरेनासा झाला. एका उन्हाळ्यात गाळ काढणाऱ्यांना निम्माच जोंधळा मिळाला. ते निम्मा गाळ काढून निघून गेले. पुढल्या उन्हाळ्यात तळ्याच्या मधोमध चिखल दिसायला लागला, म्हशी तिथे जाऊन बसायला लागल्या. यंदा त्यांनी निरोप पाठवला, "पुरा जोंधळा असेल तर बोलवा, नाहीतर तुमचं तळं तुम्ही उपसा."

पंच बसले. मोतीशेठ हलवाई पोट सावरत म्हणाला, "बाई, दोष लोकांचा आहे. पायरीवर जाऊन बघा. मोठ्या बायका घरी बसतात आणि मूठ टाकायला पोरांना पाठवतात. चिमणीच्या चोचीएवढी मूठ. आपल्या वेळी होतं का असं?"

"आपल्या वेळी लाज होती," सावकार म्हणाला.

मग सगळे आपल्या वेळच्या गोष्टी सांगू लागले. सगुणाबाईचेही डोळे भरून आले. शेवटी मोतीशेठने पिशवीतून एक लाकडी मापटं काढलं. त्यात बाईमाणसाच्या दोन मुठी सहज मावत होत्या. "ज्याची त्याची मूठ बंद," तो म्हणाला. "घागरीमागे हे मापटं. यावर तुमचा शिक्का उठवा, की झालं."

सगुणाबाईला ते पटलं. रीत बुडवणाऱ्यांचा तिला रागच आला होता. पण ती जुन्या वळणाची. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शिक्का मारायचा नाही हे तिचं ठरलेलं. "उद्या सकाळी पायरीवर जाऊन येते, मग मारते," ती म्हणाली.

सकाळी ती घागर घेऊनच गेली. वाटेत तिला हलकं वाटत होतं, पंधरा वर्षांच्या पोरीसारखं. पण पायऱ्यांवर हलवाई नव्हता, सोनाराची सून नव्हती. होत्या त्या मागच्या गल्लीतल्या बायका, ज्यांना नळ परवडत नव्हता. पाणी इतकं खाली गेलं होतं की पूर्वी कधी न दिसलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. भरलेली घागर घेऊन तेवढं चढायचं म्हणजे धाप लागत होती.

कट्ट्यावर ठकू कासारीण बसली होती. ठकू म्हणजे सगुणाबाईची लहानपणची मैत्रीण. दोघींनी एकाच दिवशी पहिली घागर उचलली होती आणि ठकूने ती त्याच दिवशी फोडली होती. तिची नात रांजणाशी टाचा उंच करून उभी होती. पोरीने इवलीशी मूठ उघडली. दाणे पडले, पण आवाज काही आला नाही.

"ठके," सगुणाबाई कडक आवाजात म्हणाली, "तुझे हात काय झिजले? पोरीला पुढे करतेस?"

"करते की," ठकू म्हणाली. "तिची मूठ लहान आहे म्हणूनच करते. घरात खाणारी तोंडं सहा आणि जोंधळा आहे तेवढाच आहे. बस जरा. पाडवा नसताना कशी वाट चुकलीस?"

"लाज नाही वाटत? आपल्या आयांनी असं केलं असतं?"

ठकूने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सगुणे, माझ्या नातीची मूठ लहान का होईना, मूठ आहे. तुझ्या नळाला तर हातच नाही."

बायकांनी तोंडाला पदर लावले. एकजण खुदकन हसली.

सगुणाबाईचं तोंड लाल झालं. "नळाची मूठ बापजाद्यांनी लावलेली नाही."

"बापजाद्यांनी नळ पाहिला होता का गं? तुझा नवरा कावड घेऊन यायचा तेव्हा खेपेगणिक मूठ टाकायचा. आता तेवढंच पाणी, छे, त्याच्या दसपट पाणी तुझ्या भट्ट्यांना जातंय. ते काय आभाळातून पडतं?"

सगुणाबाई समोरच्या बांधाकडे पाहत राहिली. पाणी उतरल्यामुळे नळांची तोंडं अर्धी उघडी पडली होती. सगळ्यात मोठं तोंड तिचं. पाणी त्यात गरगरत शिरत होतं, आणि त्या भोवऱ्यात एक पिंपळपान फिरत होतं.

"बरं," ती खालच्या आवाजात म्हणाली, "यंदाचा रांजण मी भरून देते. दोन गाड्या जोंधळा पाठवते. मग तर झालं?"

"नको," ठकू म्हणाली.

"नको? का?"

"ते दान झालं. यंदा तुझी मर्जी आहे, पुढल्या वर्षी नसेल. आणि आम्ही जन्मभर तुझे उपकार आठवत पाणी प्यायचं. मुठीत उपकार नव्हता सगुणे, म्हणून तर ती सगळ्यांना पेलायची." ठकूने नातीचा हात धरला, डोक्यावर घागर घेतली आणि ती चढणीला लागली.

सगुणाबाई घरी आली. तिचा मुलगा भुजंगा भट्टीवर कापड उलटत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आई, तू मापट्यावर शिक्का मार आणि मोकळी हो," तो म्हणाला. "नळावर मूठ लावलीस तर सगळ्यात जास्त आपल्यालाच बसेल. आणि शेठ लोक तुला गादीवर ठेवतील होय?"

"नाही ठेवणार."

"मग?"

मग काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं. गादी तिला प्रिय होती, उगाच खोटं कशाला बोला. चार लोक वाकून नमस्कार करतात ते कुणाला नको असतं? ती ओसरीवर बसून राहिली. पुन्हा पुन्हा तिला त्या जुन्या सकाळी आठवत होत्या, आणि आज प्रथमच तिला त्यांत काहीतरी नवीन दिसत होतं. त्या सकाळी गोड होत्या त्या काही पाणी गोड होतं म्हणून नाही. हलवाई आणि कासारीण एकाच रांगेत उभी असायची, आणि ज्याला जास्त लागायचं तो जास्त खेपा घालून जास्त द्यायचा. ती नुसता घागरीचा नि नऊवारीचा गोडवा जपत बसली होती. त्यातला न्याय तिने नळावाटे केव्हाच घालवला होता.

दुपारी पंच जमले. मोतीशेठने मापटं आणि शाई पुढे सरकवली.

सगुणाबाईने मापटं उचललं, पाहिलं आणि उलटं ठेवलं. "शिक्का दुसऱ्या गोष्टीवर मारते," ती म्हणाली. "ज्याची त्याची मूठ आहे तशी राहील. पोरांच्या मुठी चालतील. पण घागरीमागे मूठ म्हणजे घागर डोक्यावरून जावो नाहीतर नळातून. प्रत्येक नळाखाली घागर लावून बघायची, सकाळभरात किती भरतात. तेवढ्या मुठी रोज. घरच्या नळाला तशाच आणि धंद्याच्या नळालाही तशाच. उद्या पाणी आणायची आणखी कुठली तऱ्हा निघाली तर तिलाही हेच."

पंच एकमेकांकडे बघू लागले. मग मोतीशेठ हसला. "आणि मूठ कुणाची धरायची बाई? मालकाची की गड्याची?"

"मालकाची. रोज स्वतः यायचं."

"धंदा बसेल आमचा. पेढे महाग होतील."

"होऊ द्या. पेढ्यावाचून कुणाचा घसा कोरडा पडत नाही."

सावकार उठला. "बाई, जुनी रीत मोडताय तुम्ही. रीत मोडणाऱ्याने या गादीवर बसू नये."

"रीत तर आपण सगळ्यांनी मिळून कधीच मोडली," सगुणाबाई म्हणाली. "मोडलेली दिसू नये म्हणून मी पाडव्याला घागर मिरवत होते." तिने हे सगळं कागदावर लिहून त्यावर शिक्का उठवला, तो नीट वाळू दिला आणि मग गादीवरून उठली. "गादी सोडते. पण निर्णय गादीवर असताना झालाय. तो मोडायचा तर चावडीवर, मागच्या गल्लीसमोर उभं राहून मोडा."

तेवढी छाती कुणाची नव्हती. गादी मात्र गेली. त्या गादीवर मोतीशेठ बसला. रस्त्यात वाकून नमस्कार करणारे दुसरीकडे बघू लागले.

नळ मोजले गेले. दुसऱ्या दिवशी सगुणाबाई जोंधळ्याचं पोतं घेऊन पायरीवर आली. तिच्या सात भट्ट्यांच्या घागरी म्हणजे थोड्या नव्हत्या. ती एकेक मूठ भरून रांजणात टाकत राहिली. पोत्याने ओतून मोकळं व्हावं असं तिने केलं नाही. ऊन वर आलं. खांदा भरून आला. खाली रांग लागली. थोड्या वेळाने मोतीशेठही आला, तोंड आंबट करून, काखेत पिशवी धरून, आणि रांगेत दुसरी जागा नव्हती म्हणून ठकू कासारणीच्या मागे उभा राहिला. तिने त्याला विचारलं, "शेठ, लेकीचं जमलं का कुठे?" आणि तोही नाइलाजाने सांगायला लागला.

ती सकाळ काही जुन्या सकाळींसारखी नव्हती. माणसं म्हातारी झाली होती, पाणी खोल गेलं होतं आणि अर्धे चेहरे अनोळखी होते. पण रांजणातून आवाज येत होता.

"सगुणे, आटप की," मागून ठकू ओरडली. "आमच्या घागरी ताटकळल्यात."

सगुणाबाईने मागे न बघता पुढची मूठ भरली. "रांगेत थांब ठके. माझ्या अजून निम्म्याही झाल्या नाहीत."

त्या उन्हाळ्यात गाळ काढणारी माणसं आली आणि पुरा गाळ काढून गेली.

तात्पर्य: सगळ्यांचं मिळून जे असतं, त्यातून जो जितकं घेतो त्याने तितका भार उचलावा. घेण्याच्या तऱ्हा बदलल्या की देण्याचे नियमही बदलावेत. नाहीतर मोठे जुन्या रीतीचं नाव घेऊन सुटतात आणि त्यांचं ओझं लहानांच्या डोक्यावर येतं.