दोन्ही हात जोडून

आमचे नगराध्यक्ष धैर्यशीलराव यांना नव्या इलेक्ट्रिक स्कूटरचं भारी कौतुक. लोकांच्या स्कूटर लावायला कासार आळीचा फुटपाथ उखडायचं त्यांनी ठरवलं आणि आळीच्या सभेत येऊन ऐकवलं, “शहाणा माणूस आता चालत नाही. चालणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे.”

रोज मंडईत पायी जाणाऱ्या गोदाकाकू उठल्या. “पटलं, साहेब. फुटपाथ खुशाल घ्या. अट एकच. मतं मागायला दर वेळी आमच्या दारोदार चालत येता, ते पुढच्या निवडणुकीला स्कूटर चालवत या. मात्र नेहमीसारखे दोन्ही हात जोडून.”

सभा खदखदून हसली. साहेबांनी फुटपाथचा विषय तिथेच गुंडाळला.

फुटपाथ अजून जागेवर आहे, आणि आमची आळी त्यावरून छाती काढून चालते.