थिटे व इतर

एका गावात एक भोळा डॉक्टर होता. कातडीचा डॉक्टर, नाव मुकुंदा शेवाळे. खरूज, नायटा, चट्टा, काहीही दाखवा, लांबूनच ओळखायचा. बाकी जगातलं त्याला काही ओळखू यायचं नाही. कोणी काही सांगितलं की वहीत लिहून घ्यायचा आणि तसंच्या तसं करायचा.

गावच्या मेडिकल कॉलेजात तो पंधरा वर्षं शिकवत होता, पण प्रोफेसर काही होत नव्हता. त्यासाठी आपलं संशोधन छापून यायला हवं आणि दुसऱ्या संशोधकांनी आपल्या लेखांत त्याचा उल्लेख करायला हवा. मुकुंदाच्या नावावर उल्लेख शून्य. आता शेवटची एकच संधी उरली होती, आणि त्याला ते पद फार फार हवं होतं.

विभागप्रमुख बेंद्रे मॅडमनी त्याचा पहिला लेख परत केला. म्हणाल्या, “शेवाळे, मनाचं काही लिहू नका. प्रत्येक विधानाला आधार द्या. आधी कोण, कधी, काय म्हणालं ते सांगा.”

“बरं मॅडम.” मुकुंदानं वहीत लिहून घेतलं.

घरी जेवायला बसला. बायको कुमुदनं विचारलं, “आमटी कशी झालीय?”

“चांगली झालीय, असं तुझी आई २०११ साली म्हणाली होती. माझी आत्या २०१४ साली म्हणाली, पाणचट आहे. या विषयावर आणखी अभ्यासाची गरज आहे.”

कुमुदनं आमटीचं पातेलंच उचललं. “लोकांचं कशाला सांगता? जे बघाल ते आपल्या तोंडानं सांगा. नाव घेऊन, मोकळेपणानं!”

“बरं.” लिहून घेतलं.

दुसऱ्या लेखाचा विषय झकास होता. लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्यांच्या ओठाखाली चट्टा उठतो. का उठतो, कोणालाच माहीत नव्हतं. मुकुंदानं मोकळेपणानं लिहिलं, ‘आमचे किसन जाधव, राहणार मारुतीच्या देवळामागे, हिरवं दार, यांच्या ओठाखाली हा एवढा चट्टा आहे.’ सोबत फोटो. लेख कॉलेजच्या मासिकात छापून आला आणि किसनच्या दोन लग्नांच्या सुपाऱ्या गेल्या. तो क्लॅरिनेट उगारूनच कॉलेजात आला.

मॅडमनी कपाळावर हात मारला. “अहो, रुग्णाचं नावगाव छापायचं नसतं! ‘चाळीस वर्षांचा पुरुष’, बास. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी. कोण, कुठला, कुणाला कळता कामा नये.”

“बरं मॅडम.” लिहून घेतलं.

त्याच महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. पत्रिका छापायचं काम मुकुंदाकडे आलं. पत्रिका निघाली ती अशी: ‘सत्तावीस वर्षांची स्त्री व तीस वर्षांचा पुरुष यांचा शुभविवाह एका गावी, एका कार्यालयात होत आहे.’ वर गणपती होता. त्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी.

मामा दौलतराव थिटे, वय वर्षं ऐंशी, दोन परक्या लग्नांत जेवले. तिसऱ्या कार्यालयात आपली माणसं सापडली, तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. मामांनी तिथंच मुकुंदाला गाठलं.

“मुकुंदा, गाढवा! नावं घालायची असतात! झाडून सगळ्यांची! मोठ्याचा मान पहिला, आपलं नाव सगळ्यात शेवटी. एक जरी राहिलं तरी माणूस रुसतो!”

“बरं मामा.” या वेळी त्यानं खाली दोन रेघा मारल्या.

आणि मग या भोळ्या माणसानं खरंच कमाल केली. वर्षभर वरातींतून बँडवाल्यांच्या मागे हिंडला आणि कारण शोधून काढलं. क्लॅरिनेट फुंकताना ओठाला टेकते त्या पातीला लावतात त्या पॉलिशमुळे चट्टा उठत होता. पॉलिश बदललं, चट्टा गेला. किसननं त्याच्या दारात येऊन फुकट वाजवलं. लेख परदेशातल्या मोठ्या मासिकात छापून आला. वर लेखकांची नावं अडतीस. पहिले मामा. मग तीन काका, आत्या, साडू, बेंद्रे मॅडम, किसनचा अख्खा बँड, आणि सगळ्यात शेवटी मुकुंदा. तळाशी एक ओळ: ‘आमच्या बाबांचा लेख वाचायचा हं! – चिंगी, बंटी.’

जगातल्या दोनशे बारा संशोधकांनी त्या लेखाचा उल्लेख केला. आता अडतीस नावं कोण लिहीत बसतो? पहिलं नाव लिहितात आणि पुढे ‘व इतर’ म्हणून मोकळे होतात.

मुलाखतीला मुकुंदा नवा शर्ट घालून गेला. मानाचे म्हणून मामांनाही नेलं.

“‘थिटे व इतर’ हा लेख फार गाजलाय,” समितीचे अध्यक्ष म्हणाले. “त्यात तुम्ही कोण?”

“मी इतर, साहेब.”

अध्यक्षांनी चष्मा काढला. “मग थिटे कुठे असतात?”

“बाहेर बाकावर बसलेत. बोलावू का?”

मामा आत आले तशी सगळी समिती उठून उभी राहिली. अध्यक्षांनी अदबीनं विचारलं, “सर, कातडीबद्दल आपलं काय मत?”

“घासून आंघोळ करावी,” मामा म्हणाले. समितीनं ते लिहून घेतलं.

संध्याकाळी कुमुद पेढ्यांचा पुडा घेऊन दारातच उभी होती. मुकुंदाचा फुललेला चेहरा दिसला आणि तिला हायसं वाटलं.

“झाली ना हो निवड?”

“झाली की!” मुकुंदा म्हणाला. “मामांची. आणि बरं का कुमुद, या वेळी घरातलं कोण्णी कोण्णी रुसलं नाही.”