कवचीला पिळलं कुणी?

कवची ओरडून ओरडून थकली, पण तिचं खरं कुणी मानेना. फार जुन्या काळी एक तारा फुटला आणि त्याचा उरलेला गाभा आक्रसून इवलासा झाला. कवची ही त्याची वरची टणक साल. अधूनमधून तिला तडा जायचा आणि क्ष-किरणांचा लोळ उठायचा.

ताऱ्यांची समजूत अशी, की क्ष-किरण निघाले म्हणजे शेजाऱ्याचा वायू ओरबाडून खाल्ला. "मेली चोरटी! टाका हिला वाळीत."

"डोळे फुटले का रे? मला शेजारी आहे कुठं?" कवची कडाडली. "आतून कुणीतरी पिळतंय मला!"

धुळीच्या ढगातली आत्याबाई मात्र जवळ आली. "थांब गं, बघू तरी." तिनं ओंजळभर लोखंडाचा चुरा उधळला. चुरा खाली पडलाच नाही. कवचीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या कमानी उभ्या राहिल्या, पिळलेल्या दोरखंडासारख्या. बघता बघता पीळ आवळला, कवची तडकली आणि सगळ्यांदेखत क्ष-किरण उसळले.

तारे वरमले. एकानं हळूच विचारलं, "मग वाळीत टाकायचं कुणाला, कवचीबाई?"

"माझ्याच घरात बसलाय की तो," कवची म्हणाली. "चुंबकराव!"